वरच्या रांगेतल्या बाटल्या

चार उंदीर मेलेले होते. सात मरायला टेकले होते. सकाळचे साडेसात वाजले होते, आणि माझी नात केतकी पिंजऱ्यावरची पाण्याची बाटली काढून, तिच्या नळीतला थेंब बोटावर घेऊन जिभेला लावून पाहत होती.

एक बाटली चाखली, मग दुसरी, मग खालच्या रांगेतली तिसरी.

"साधं पाणी आहे," ती म्हणाली.

उंदरांची ती खोली सांभाळणारे परसादी भैया दारात उभे होते. त्यांनी दोन्ही कान पकडले आणि सांगितलं की ते काल तीन वाजताच भुसा आणायला गेले होते, बाटल्यांना त्यांनी हात लावला नाही. केतकी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. अठरा वर्षं त्या खोलीत काम केलेला माणूस, आणि तिला तो खोटा वाटून राहिला होता. मी तिच्या मागे उभी होते, तरी मला ते कळलं.

"मी बदललं," मी म्हणाले. "काल पाच वाजता. मुंग्या लागल्या होत्या."

"काय बदललं, आजी?"

"साखरेचं पाणी फेकलं, साधं भरलं. शुगरवाल्या उंदरांना साखर काहून देऊन राहिले, म्हटलं."

परसादी भैयांनी कान सोडले. केतकीने डोळे मिटले, उघडले. मग विचारलं, "सगळ्या बाटल्या?"

"खालच्या दोन रांगा. वर माझा हात पोचत नाही."

तिने वर पाहिलं. वरच्या रांगेतले बाराच्या बारा उंदीर जाळीला नाक लावून उभे होते, टवटवीत.

त्या सकाळीला आता वर्ष होत आलं. या आठवड्यात अधारतालच्या रस्त्यावर पुन्हा मटाराचे ठेले लागले. कोवळा, शहपुऱ्याकडचा, शेंग दाबली की चुरचुरणारा. मी दोन किलो घेतला आणि सूप मांडीवर घेऊन अंगणात बसले. सोलता सोलता नाकात उंदरांचा वास आला. मटाराला उंदरांचा वास नसतो, हे मलाही माहीत आहे. पण मागच्या हिवाळ्यात मी एवढा मटार उंदरांच्या शेजारी बसून सोलला की दोन्ही वास एकमेकांत मिसळून गेले. ओला भुसा, फिनाइल, आणि त्यावर हिरवी शेंग. घाण म्हणावी असा नाही. आपल्या घरचा नाही, एवढंच.

मागच्या कार्तिकात माझा मोतीबिंदू काढला. मुलगा आणि सून भोपाळला. केतकी माझ्यापाशी राहून जनावरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती, कॉलेज स्कूटरने दहा मिनिटांवर. डोळ्यात औषध दर दोन तासांनी घालायचं होतं, म्हणून मला एकटीला ठेवायला ती तयार नव्हती. शेजारच्या तिवारीणबाईंकडे दिवसभर बसायला मी तयार नव्हते. तेव्हा ती मला मागे बसवून सोबत नेऊ लागली. डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर मटाराची पिशवी. उंदरांच्या खोलीला तिथे सगळे चूहाघर म्हणत. तिच्यापुढे एक व्हरांडा होता, त्यात परसादी भैयांनी माझ्यासाठी लोखंडी खुर्ची ठेवली. ऊन दहाला पायावर यायचं, बाराला मांडीवर, तीनला तोंडावर.

आयुष्यात एवढं ऊन मी कधी बसून घेतलं नव्हतं. नवरा फॅक्टरीत होता तोवर हिवाळ्याच्या सकाळी भोंग्याच्या आधी डबा भरण्यात गेल्या, मग पोरं, मग वाळवणं. ऊन पडायचं ते पापडांवर. माझ्यावर पडलं ते थेट सत्तरीनंतर, तेही उंदरांच्या कृपेने. हात रिकामे ठेवायची सवय नाही म्हणून मी मटार सोलायची. त्या हिवाळ्यात अर्ध्या कॉलेजाने माझ्या हातचा सोललेला मटार खाल्ला असेल. पोरं येता जाता मूठ भरून कच्चेच दाणे न्यायची आणि "थँक्यू अम्माजी" म्हणायची. मला बरं वाटायचं. उगाच नाही कशाला म्हणू.

केतकीचं काम असं होतं. दह्यात जे जंतू असतात त्यांतले काही पोटात गेले तर शुगरच्या आजारात उपयोग होतो का, आणि शुगरच्या गोळीसोबत दिले तर गोळीला हातभार लागतो का, हे उंदरांवर पाहायचं. त्यासाठी आधीच्या उन्हाळ्यात ती डब्या घेऊन घरोघर हिंडली आणि लोकांकडून दही गोळा करून आणलं.

मी माझं दही दिलं तेव्हाच माझ्या मनात निकाल लागून गेला होता. माझं विरजण माझ्या लग्नाच्या वर्षी सासूने अचलपूरहून पितळी डबीत आणलेलं. तेव्हापासून एक दिवस मोडलेलं नाही. थंडीत मी ते जुन्या स्वेटरात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवते. दिवेलागण झाल्यावर कोणी दारात वाटी घेऊन आलं तर विरजण देत नाही, उद्या या म्हणते. असं सांभाळलेलं दही. केतकीने ते काचेच्या थाळ्यांत वाढवलं, पोटात असतं तसल्या आम्लात टाकून पाहिलं, आणि एक दिवस चहा पिताना सांगितलं की आजी, तुझे जंतू आम्लात टिकत नाहीत.

"म्हणजे काय?"

"दही छान आहे. पण जंतू पोटात गेले की मरतात."

"मग कोणाचे टिकले?"

ती कपात बघत म्हणाली, "तिवारी आजींचे."

तिवारीणबाई आणि मी चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो. त्या मातीच्या हंडीत दही लावतात, हंडी कधी नीट घासत नाहीत, आणि त्यांचं दही असं आंबट की खाणाऱ्याचा एक डोळा आपोआप मिटतो. त्यांना बातमी कळली तेव्हा भिंतीवरून म्हणाल्या, "दीदी, हमारा दही तो डाक्टर हो गया."

"हाँ," मी म्हटलं, "चूहों का."

उंदीर पांढरे होते, लाल डोळ्यांचे. गटारातल्यांसारखे नव्हते, तरी शेपटी तीच, त्यामुळे मला त्यांचं कौतुक कधी वाटलं नाही. ओळखायला सोपं जावं म्हणून प्रत्येकाला पिवळ्या औषधाची खूण केलेली. कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या पाठीवर, कोणाच्या मागच्या पायावर. सगळे नर. हळद लावून बसवलेल्या नवरदेवांची खोली वाटायची. केतकीने त्यांना नावं द्यायची मनाई केली होती. मला तशीही हौस नव्हती. मी नातवंडांना हाक मारताना तीन नावं घेते तेव्हा चौथं बरोबर येतं.

असे छत्तीस उंदीर, जनावरांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीकडून मोजून मंजूर झालेले. त्यांतले सहा निरोगी ठेवायचे. उरलेल्या तिसांना इंजेक्शन देऊन शुगर करायची. खरं काम चोवीसांचंच, सहा जास्तीचे, कारण या इंजेक्शनात काही मरतात हे धरूनच चालायचं असतं. मग त्या चोवीसांचे सहा-सहाचे चार गट. एकाला काहीच द्यायचं नाही, एकाला गोळी, एकाला तिवारीणबाईंचे जंतू, एकाला दोन्ही. सहापेक्षा जास्त मेले तर गट तुटणार. नवे उंदीर मागायचे तर पुन्हा अर्ज, पुन्हा कारणं, पुन्हा समिती कधी बसते त्याची वाट. आणि केतकीची मुदत त्या जूनपर्यंतच होती. तोवर काम उभं राहिलं नाही तर तीन वर्षं पाण्यात जाणार होती. हे सगळं ती मला स्कूटरवरून जाता येता ओरडून सांगायची, कारण हेल्मेटमधून बोललेलं ऐकू येत नाही. म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

फक्त एक गोष्ट तिने सांगितली नव्हती. इंजेक्शन दिल्यावर पहिला एक दिवस त्या उंदरांना साखरेचं पाणी पाजावं लागतं.

त्या दिवशी सकाळी तिने एकेकाला इंजेक्शन दिलं. दुपारी दोनला तिसांच्या दहा पिंजऱ्यांवर नव्या बाटल्या चढल्या. रॅकवर वर चार पिंजरे, मध्ये तीन, खाली तीन, एकेकात तीन उंदीर. मग ती समोरच्या इमारतीत कामाला गेली. भैया भुसा आणायला गेले. पाचच्या सुमारास व्हरांड्यातलं ऊन निघून गेलं आणि गारठा चढला, म्हणून मी आत जाऊन उभी राहिले. आत जरा ऊब असायची. बघते तर मुंग्यांची काळी रेघ रॅकच्या पायावरून चढून बाटल्यांच्या नळ्यांपर्यंत गेलेली. मी नळीला बोट लावलं आणि चाखलं. गोड.

मला बावीस वर्षं शुगर आहे. बावीस वर्षं लोकांनी माझ्या हातातला लाडू काढून घेतलाय. पंगतीत जिलबी वाढणारा माझ्यापाशी आला की शेजारचं कोणीतरी माझ्या पानावर आडवा हात धरतं, आणि तो हात घरच्याचाच असतो असं नाही. एकदा तर वाढणाऱ्यानेच विचारलं, अम्मा, आपको तो मना होगा ना. साखर म्हणजे विष, हे माझ्यात इतकं मुरलंय की दुसरा विचार डोक्यात आलाच नाही. परसादी भैयांनी दुसऱ्या जनावरांचं पाणी चुकून इथे चढवलं, झालं. आता पोरीच्या उंदरांचं वाटोळं आणि भैयांच्या नोकरीचंही. म्हणून मी सहा बाटल्या ओतल्या, धुतल्या, नळाच्या पाण्याने भरल्या, मुंग्या पुसल्या. वरच्या चार बाटल्यांसाठी स्टूल शोधलं. मिळालं नाही. चार बाटल्यांनी काय होतं, म्हणून सोडून दिलं.

कोणाला सांगितलं नाही, कारण भैयांना बोलणी बसली असती. स्कूटरवर घरी येताना मी खूश होते. जेवायला मटारभात केला, वर ओलं खोबरं घातलं. डोळ्याच्या ऑपरेशनचं निमित्त मला सांगता आलं असतं, पुढे दोघांतिघांनी ते सुचवलंही. पण मला सगळं नीट दिसत होतं.

तर ती सकाळ. केतकी रडली नाही, ओरडली नाही. मला म्हणाली हात धू आणि हातमोजे घाल, भैयांना म्हणाली पानी गरम कीजिए. मेलेले चार तिने ट्रेमध्ये बाजूला ठेवले. आडव्या पडलेल्या सातांना एकेक करून पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन दिलं आणि फडक्यात गुंडाळून एक माझ्या हातात, एक भैयांच्या हातात, बाकीचे गरम पाण्याच्या पिशवीवर. माझ्या हातातला थंड होता. मागचे पाय लुळे, मिशा हलत नव्हत्या, मधूनच अंगातून झटका जायचा.

ते काय असतं ते मला आतून ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी मी चतुर्थीचा उपास धरून राइट टाउनला बँकेत गेले होते. तेव्हाची गोळी दुसरी होती, जोरकस, आणि ती मी उपाशीपोटी घेतली होती. रस्त्यातच पायांतलं बळ गेलं. माणसं तोंड हलवत होती पण आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. चहाच्या ठेल्यावरच्या माणसाने माझं तोंड उघडून गालाच्या आतून साखर चोळली. त्याच्या बोटाला आल्याचा वास होता. पाच मिनिटांनी मी उठून बसले आणि आधी पिशवी पाहिली. म्हणजे साखर उतरून माणूस मरायला टेकतो हे मी स्वतः भोगलेलं होतं, आणि तरीही बाटल्या ओतताना मला ते आठवलं नाही. शिकलेलं आठवतं ते बहुतेक वेळा उशिरा.

मी करंगळी साखरेच्या पाण्यात बुडवून उंदराच्या हिरडीला लावली. पुन्हा बुडवली, पुन्हा लावली. केतकी तिसऱ्याला इंजेक्शन देता देता मला समजावत होती. रागाने नाही, बोलत राहिलं की तिचे हात स्थिर राहतात म्हणून. ते औषध अंगातली इन्सुलिनची टाकी फोडतं, ती म्हणाली. आपल्या गल्लीत टाकी फुटली तेव्हा काय झालं होतं, आधी सगळीकडे पाणीच पाणी, आणि दुसऱ्या दिवसापासून नळ कोरडे. तसं. काल यांच्या अंगात पूर आला होता. पुरात सगळी साखर वाहून जाते, म्हणून पहिला दिवस वरून साखर द्यायची. आजार आजपासून सुरू होणार होता.

"मग काल मलापण सांगायचं," मी म्हटलं.

"तुला कशाला सांगू? तू मटार सोलून राहिली होतीस."

मी करंगळी पुन्हा पाण्यात बुडवली.

आजार यायच्या आधीचा एक दिवस आजाराच्या बरोबर उलटा असतो, हे मला अजून नवल वाटतं. माझाही तसा एखादा दिवस असेल का, ते मी आठवून पाहिलं. नव्हता. मला आधी तहान लागली, मग चष्म्याचा नंबर वाढला, मग पायाची जखम भरेना, आणि मग कळलं. माझी टाकी कोणी फोडली नाही, थेंब थेंब गळत गेली.

दहा वाजेपर्यंत सातांतले पाच हलायला लागले. एकाने डोकं उचललं, मग भुसा हुंगला. एक माझ्या हातात मेला. मेलेला कळतो. वजन तेवढंच राहतं, पण हाताला काम उरत नाही. सातवा दुपारी गेला. चार आणि दोन, सहा. उरले चोवीस.

मग केतकी म्हणाली की मॅडमना ती सांगेल, बाटल्या गळक्या निघाल्या. सहापर्यंत मेले तर कोणी खोलात जात नाही. बाहेरच्या माणसाला त्या खोलीत जाऊ देणंच नियमात बसत नव्हतं. आजी आत होती हे कळलं तर तिचं काम थांबवतील. परसादी भैयांनाही ते पटलं. "चलो अम्माजी, हो गया," ते म्हणाले.

पण गळक्या बाटल्या चढवल्या कोणी, असं उद्या विचारलं असतं तर उत्तर एकच होतं. सकाळी केतकीने भैयांकडे ज्या नजरेने पाहिलं होतं तसं आणखी कोणी पाहायला नको होतं. मी हातमोजे काढले, कालची मटाराची टरफलं गाईसाठी पिशवीत भरली, आणि समोरच्या इमारतीत मॅडमच्या खोलीत गेले.

मॅडम म्हणजे केतकीला शिकवणाऱ्या. पन्नाशीच्या, कोरड्या बोलण्याच्या. माझ्याच धाटणीच्या, म्हणून मला बऱ्या वाटत. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी वही ओढली आणि विचारलं, "कौन से पिंजरे, अम्माजी? याद करके बताइए."

मी सांगितलं, मधले तीन, खालचे तीन. त्या लिहीत गेल्या. मग म्हणाल्या की हे कळलं नसतं तर पिंजऱ्यांच्या क्रमानेच गट पडले असते, आणि साखर उतरून मरता मरता वाचलेले सगळे एकाच दोन गटांत गेले असते. मग औषधाने काम केलं नाही असं लिहिलं गेलं असतं, आणि ते काम औषधाचं नसतं, माझं असतं. आता ते उंदीर चारही गटांत सारखे वाटता येतील. हे ऐकून मी खुर्चीवर बसले. केतकीचे उंदीर मोजून पुरे पडले होते, पण काम तरीही खोटं ठरणार होतं, हे आम्हा तिघांतल्या कोणालाच सुचलं नव्हतं.

मॅडमनी कागद पुढे केला. "अपने हाथ से लिख दीजिए. मराठी में चलेगा."

मी चौथी पास आहे. लिहिलं ते असं. काल संध्याकाळी पाच वाजता मी सहा बाटल्यांतलं साखरेचं पाणी ओतून साधं पाणी भरलं. परसादी भैया तिथे नव्हते. केतकीला माहीत नव्हतं. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नाही. खाली सही.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "अब आप अंदर नहीं जाएँगी."

"नहीं जाऊँगी."

"बरामदे में बैठिए. धूप अच्छी है."

केतकीला त्यांनी दार लावून घेऊन काय सुनावलं ते मला ठाऊक नाही. ती बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल होते. काम थांबलं नव्हतं. घरी जाताना ती स्कूटरवर काही ओरडली नाही. अधारतालच्या वळणावर वेग कमी करून म्हणाली, "आजी, तू ना." मी तिचा स्वेटर घट्ट धरून बसले होते.

तिसऱ्या दिवशी चोवीसांची साखर तपासली तेव्हा तेवीसांची चढलेली निघाली. एकाची चढलीच नाही. मधल्या रांगेतला, डाव्या मागच्या पायावर पिवळी खूण असलेला. त्याला इंजेक्शन लागलंच नव्हतं, असं कधीकधी होतं म्हणे. तो कामातून बाद झाला. एका गटात सहाऐवजी पाच राहिले. मॅडम म्हणाल्या पाच तर पाच, तसं लिहायचं.

पुढचे आठवडे मी व्हरांड्यातच काढले. आतलं सगळं मला खिडकीतून ऐकू यायचं. गोल टोकाच्या वाकड्या सुईने केतकी एकेकाच्या घशाखाली औषध सोडायची आणि पुटपुटायची, झालं झालं, झालं रे. ज्या दिवशी उंदरांची उपाशी साखर मोजायची त्या दिवशी मीही उपाशी जायची. शेपटीच्या टोकाला टोचून एक थेंब, आणि मशीन टीं करायचं. मशीन तसलंच, माझ्या घरी आहे तसलं. आतले संपले की ती बाहेर येऊन माझं बोट टोचायची आणि विचारायची, आजी, तू कुठल्या गटातली?

"दोन्ही," मी म्हणायची. "गोळी आणि दही."

"दही कोणाचं?"

"माझंच. मेले जंतू तर मेले."

ज्या गटाला काही द्यायचं नव्हतं त्यांची हकीकत भैया सांगायचे. सारखं पाणी पितात, भुसा दिवसातून दोनदा बदलावा लागतो, हाडं दिसू लागलीत. ती तहान मला माहीत आहे. कोणाला तरी काहीच न देता ठेवावं लागतं, तेव्हाच दिलेल्याचं काय झालं ते कळतं. मला ते पटलं. आवडलं नाही, पण पटलं. आत जायची मनाई होती ते त्यापुरतं बरंच झालं.

फाल्गुनात शेंगा जून झाल्या, दाणे पिठूळ लागायला लागले, आणि त्याच आठवड्यात उंदरांचं काम संपलं. त्यांना औषधाने झोपवलं, निरोगी सहांनाही, कारण पोटातली ती टाकी किती उरली ते कापून, काचेखाली धरून पाहायचं होतं. ते केतकीने स्वतः केलं, दुसऱ्या कोणावर टाकलं नाही. त्या दिवशी घरी येऊन तिने आधी आंघोळ केली आणि मग दोन ताटं मटारभात खाल्ला.

"कामातले सगळे गेले, आजी," ती म्हणाली.

"माहीत आहे. ताक घे वर."

निकाल काय लागला ते मी कोणी विचारलं की सांगते, आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. चमत्कार झाला नाही. नुसत्या जंतूंनी साखर थोडी उतरली. गोळीने चांगली उतरली. दोन्ही मिळून गोळीपेक्षा जराशी जास्त. माणसांचं काय, ते उंदरांवरून सांगता येत नाही असं केतकी म्हणते, आणि तिला तसं म्हणायला शिकवलंय हे मला आवडतं. तिवारीणबाई गल्लीत सांगत होत्या की त्यांच्या दह्याने शुगर जाते. मी भिंतीवरून सांगितलं की गोळी सोडाल तर दह्यासकट जाल. त्या हसल्या. त्यांनाही शुगर आहे. मग मी वाटी पुढे केली आणि त्यांच्या हंडीतलं विरजण मागितलं. दिवेलागणीच्या आधी. त्यांनी वाटी काठोकाठ भरून दिली, आणि निमोनाही, म्हणजे वाटलेल्या मटाराची त्यांच्याकडची आमटी. आता माझ्या पिठाच्या डब्यात दोन वाट्या असतात, दोन्ही स्वेटरात. त्यांचं दही अजूनही आंबट लागतं. खाते.

जूनमध्ये जमा केलेला केतकीचा प्रबंध परवा पक्का बांधून आला. जाड, निळ्या पुठ्ठ्याचा. इंग्रजीत असल्यामुळे मला त्यातलं काही वाचता येत नाही, पण एका पानावर तिने बोट ठेवून सांगितलं की हे ते बाटल्यांचं, आणि हे एका गटात पाचच का, त्याचं. मी पानावरून हात फिरवला. माझं नाव नाही, ते बरोबरच आहे. मग प्रबंधाची एक प्रत मॅडमना द्यायला गेलो. मी आत गेले नाही, व्हरांड्यात माझ्या खुर्चीवर बसले. ऊन मांडीवर आलं होतं.

परसादी भैया एक पिंजरा उचलून बाहेर घेऊन आले. आत तो कामातून बाद झालेला उंदीर. मॅडमनी समितीकडे कागद करून त्याला ठेवून घेतलाय, भैयाच त्याचं सगळं करतात. जाड झालाय, पाठ थोडी पिवळट पडलीय, डाव्या पायावरची खूण कधीच गेली. उन्हाने त्याने डोळे बारीक केले, इकडेतिकडे हुंगलं, आणि मागच्या पायांवर उभा राहून बाटलीच्या नळीला तोंड लावलं.

बाटलीला मी बोट लावलं नाही. भैयांना विचारलं, "इसमें क्या है?"

"सादा पानी, अम्माजी."

छत्तीसांतला तो एकटा जगला. त्याचा पिंजरा मधल्या रांगेत होता, माझा हात पोचेल असा.